सूर्याच्या हुकमातले दार

माझ्या दाराची खालची बिजागरी वरच्या बिजागरीपेक्षा अर्धे बोट जास्त झिजली आहे. दार खालून बर्फात अडते आणि शिपाई ते खांद्याने रेटतात, म्हणून. मित्रांनो, मी उत्तर रशियातल्या एका बंदराचा जुना लाकडी किल्ला. मला पाहायला आलात तर तोफा मोजण्याआधी या बिजागरीला थोडे तेल द्या.

मला पाइनच्या ओंडक्यांनी बांधले आणि फटींत शेवाळ ठासले. बुरुजांवर नऊ तोफा चढल्या. शत्रू काही आला नाही. सातव्या तोफेखाली दर उन्हाळ्यात एक बदक अंडी घाली. पिल्ले निघेपर्यंत ती तोफ रजेवर असे.

मग एका वर्षी राजधानीतून कागद आला. दार सूर्यास्ताला लावावे, सूर्योदयाला उघडावे. चुकणाऱ्या किल्लेदाराची नोकरी जाईल. लिहिणाऱ्याने आमचे आकाश पाहिले नव्हते. आमच्याकडे उन्हाळ्यात सूर्य दोन महिने मावळत नाही आणि हिवाळ्यात दीड महिना उगवत नाही.

उन्हाळ्यात दार सताड उघडे राहिले आणि रेनडिअर कवायतीत मिसळले. किल्लेदार लोपातिन म्हणाला, “नियम म्हणजे नियम.” हिवाळ्याच्या तोंडाशी सूर्य बुडाला आणि दार लागले. मासे टोपलीत बसून दोराने भिंत चढू लागले.

लोपातिनची बायको फेवरोनिया गरोदर होती आणि सुईण माव्रा भिंतीबाहेरच्या गावात राहत होती.

“अहो, बाळ काही तुमच्या कागदासाठी थांबणार नाही,” फेवरोनिया रोज म्हणे.

“उद्या ठरवू,” लोपातिन रोज म्हणे.

तीन आठवडे असेच गेले. सूर्य यायला अजून तेवढेच बाकी असताना तिला कळा सुरू झाल्या. हाक ऐकून माव्रा धावत भिंतीखाली आली. लोपातिनच्या देखत सार्जंट तेरेंतीने भिंतीवरून टोपली सोडली.

“बस यात, मावशी.”

“मी काय सुकट आहे, टोपलीतून वर यायला?”

“बस गं, दोर नवा आहे!”

दोर नवा होता, टोपली नव्हती. सहा शिपायांनी ओढले, माव्रा हातभर उचलली गेली आणि तळ निसटला. कमरेपर्यंत बर्फात रुतलेली माव्रा तिथूनच गरजली, “अरे लोपातिना, या तेरेंतीची तिन्ही पोरं माझ्या हातांवर झाली! आता काय सूर्याला काखेत मारून आणू?”

तेरेंती हळूच म्हणाला, “साहेब, मी कंदील उंच धरतो. आपण त्यालाच सूर्य म्हणू.”

लोपातिन कंदिलाकडे बघत राहिला. एवढ्यात आतून फेवरोनियाचा आवाज आला. “अहो, मी मेले तर पुरायलासुद्धा सूर्योदयाची वाट बघाल का?”

मित्रांनो, सलामीची तोफ उडाल्यावरही मी इतका हादरलो नव्हतो. लोपातिनने तेरेंतीच्या हातातला कंदील खाली ठेवला.

“दार उघडा,” तो म्हणाला. कुणी हलले नाही, तेव्हा तो ओरडला, “दार उघडा! आणि दाराच्या वहीत लिहा, सूर्य उगवला नव्हता. दार लोपातिनने उघडलं!”