नकाशावरचं खडप

या सगळ्या खटाटोपात दर्पणला मिळण्यासारखं काय होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. पैसा नव्हता, मासळीत वाटा नव्हता. कुंभवलीच्या एका कारखान्यात तो ऑफिसची खुर्ची सांभाळायचा, सरावलीत भाड्याच्या खोलीत राहायचा, आणि पोटाला काही कमी नव्हतं. मिळायचा होता तो मान, आणि तोही मांगेलआळीतला, जो उधारीवर मिळत नाही. मांगेल्याच्या, म्हणजे पिढीजात मासेमाराच्या घरात जन्मून दर्पणला बोट लागायची. लहानपणी चुलत्याने दर्यावर नेलं, तर खाडीचं तोंड यायच्या आत पोराने सकाळची न्याहारी पाण्यात सोडली. पुढे पदवी झाली, नोकरी लागली, कपडे इस्त्रीचे झाले, पण बंदरावर कुणी विचारलं की कोणता दर्पण, तर उत्तर एकच, "तो रं, ओकनारा."

अशा माणसाला रामाकाकाने आपण होऊन बोलावणं धाडलं, तेव्हा तो रविवारची झोप मोडून पहिल्या रिक्षाने तारापूरच्या मांगेलआळीकडे निघाला, यात नवल नाही.

रामाकाका त्याच्या बापाचा थोरला भाऊ, आळीतला जुना तांडेल, बोटीचा कप्तान. त्याच्याकडे एक खडप होतं. दर्यात, पाण्याखाली, दगडांचा एक लांबट उंचवटा. बाकीच्या बोटी स्वस्तातल्या शिंगाळ्यावर समाधान मानायच्या तेव्हा तिथे काकाच्या गळाला घोळ ही महागडी मासळी लागायची. अशा जागेवर खूण रोवता येत नाही. ती किनाऱ्यावरून धरायची. देवळाचा कळस आणि तीन ताडांतला मधला ताड एका रेषेत आणायचा, तिकडे पाण्याची टाकी डोंगराच्या खांद्यावर टेकवायची, आणि दोन्ही जुळलं की इंजिन बंद करायचं. ही खूण बाप मुलाला सांगतो, तीही भर दर्यात. जमिनीवर कधीच नाही, बायकोला तर नाहीच. जमनाकाकीने अर्धा जन्म त्या खडपाची मासळी बोईसरच्या बाजारात विकली, पण ते कुठे आहे हे कधी विचारलं नाही.

मध्ये वादळात तो मधला ताड पडला. काकाच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. गेला हंगाम तो अंदाजाने फिरला, आणि खलाशी त्याच्याकडे बघावं लागू नये म्हणून पाण्याकडे बघत बसले. इतर तांडेलांनी केव्हाच जीपीएसची यंत्रं घेतली होती. काकाने घेतलं नव्हतं; यंत्र चोरीला गेलं म्हणजे खडप चोरीला गेलं, असं त्याचं साधं गणित. मुलगा नव्हता, मुलगी उन्नती डहाणूकडे सासरी. उरला पुतण्या.

काकाच्या पडवीत दर्पणने लॅपटॉप उघडला. कारखान्याने मोडीत काढलेला होता, पण पडदा मोठा, अधू डोळ्यांना बरा. त्याला जोडायचा जीपीएसही आणला होता. प्रश्न होता नकाशाच्या सॉफ्टवेअरचा. पहिलं मोठ्या जहाजांचं, खोलीच्या आकड्यांनी गच्च, आणि वर्षाच्या वर्षाला पैसे मागणारं. दुसरं फुकट, पण रंग मळकट; नकाशे आपणच शोधून घालायचे, आणि घातलेल्या खुणा त्याच लॅपटॉपात राहायच्या. तिसरं फुकट आणि देखणं. निळ्यात किती निळे, आणि त्यावरून सरकणारी इवलीशी बोट. शिवाय एक सोय: आपल्या खुणा इतरांना दाखवायला 'हो' म्हटलं, की इतरांच्या खुणा आपल्याला दिसणार. दर्पणने सहज 'हो' दाबून पाहिलं, आणि निळ्यावर पिवळे ठिपके उमटले. सातपाटीसमोर, डहाणूसमोर, पार बाहेरच्या पाण्यात. कुणाकुणाच्या बापांनी कानात सांगितलेलं सगळं पुरळ उठावं तसं वर आलं होतं.

जमनाकाकी वलांडीच्या बांबूंवर वाळत घातलेले बोंबील उलटवताना कुणाला न बघता म्हणाली, "दर्या लागतो त्याला, नि हा दर्या दाखवनार."

काका हसला नाही. पडद्याला नाक लावून त्याने एवढंच विचारलं, "यात आपलं खडप कोनाला दिसंल?"

"कोनाला नाय, काका. पासवर्ड हाय."

पासवर्ड होता, हे खरं. 'हो' दाबलेलं होतं, हेही तितकंच खरं. आता 'नाही' दाबलं तर ते पिवळे ठिपके जाणार, आणि ते काही दर्पणच्याने सोडवेनात. हे सॉफ्टवेअर इथे वापरतं कोण, असं त्याने स्वतःला विचारलं आणि आपल्या सोयीचं उत्तर देऊन टाकलं. एक खूण द्यायची, ढीगभर घ्यायच्या. असा सौदा त्याच्या कारखान्याच्या शेठलाही कधी जमला नसता.

नारळी पुनवेनंतर काका त्याला बोटीवर घेऊन निघाला. दर्पणने गोळी घेतली होती. ती खाडीच्या तोंडाशीच बाहेर आली. काकाने दोरीला बांधलेलं शिसं सोडून, तळ चाचपत, अर्धा दिवस पाणी चाळलं. दगड लागला तेव्हा खलाशांना पुढच्या टोकाला धाडलं, दर्पणला जवळ ओढलं आणि त्याच्या कानात कळस, टाकी, डोंगर सगळं सांगितलं, पडलेल्या ताडासकट. पोराला सांगतात तसं. सांगून झाल्यावर पुतण्याचं तोंड स्वतःच्या रुमालाने पुसलं. दर्पणने बटण दाबलं, आणि निळ्यावर आणखी एक पिवळा ठिपका बसला.

त्यानंतर मान मिळाला, आणि रोखीने मिळाला. काकाची बोट सरळ खडपावर जाऊन उभी राहू लागली. घोळ लागली. ज्याने 'ओकनारा' हे नाव पाडलं होतं तो सुजीत तांडेल दर्पणला चहा पाजू लागला. दर्पण दर रविवारी यायचा, लॅपटॉपला मोबाइलचं नेट जोडायचा, आणि जाळी सांधणाऱ्या माणसांना उपग्रह समजावून सांगायचा. उपग्रहात त्यांना रस नव्हता. पण ऐकून घेत, ही मानाचीच पायरी.

मग एका रविवारी त्याने काकाला सांगितलं की वायव्येला आणखी एक नामी जागा आहे, सॉफ्टवेअर दाखवतंय. काका गेला आणि रिकामा परतला. पुढच्या रविवारी दर्पण पडवीत चढला, तर काका तिथेच बसलेला. काकीने दिलेला पाण्याचा तांब्या हातात तसाच.

वायव्येच्या त्या जागेवर आधीच दुसऱ्या कुणाच्या गळदोरांच्या बोया तरंगत होत्या. कुणी एक म्हातारा आपल्या मुलाला घेऊन दोर ओढत होता. त्याने काकाला शिवी दिली नाही, नुसतं पाहिलं. आणि रामा तांडेल, जन्मात पहिल्यांदा, चोरासारखा सुकाणू वळवून निघून आला होता.

ती जागा यंत्राला कशी ठाऊक, असं काकाने विचारलं. दर्पण उत्साहाने सांगायला लागला, की लोक आपापल्या खुणा घालतात, मग त्या सगळ्यांना... आणि मध्येच थांबला.

"दुसऱ्याचं तुला दिसतं," काका सावकाश म्हणाला, "तं आपलं कोनाला दिसत असंल?"

दर्पणने लॅपटॉप पुढे ओढून 'नाही' दाबलं. पिवळे ठिपके गेले. आपला ठिपका तेवढा राहिला. पण तो आणखी किती पडद्यांवर राहिला असेल, ते सांगायला सॉफ्टवेअर बांधील नव्हतं.

पुढच्या खेपेला काका खडपावर पोहोचला तेव्हा तिथे परक्या बोटींची जत्रा होती. आणि एक बोट आपल्याच बंदरातली, सुजीतची.

एकाच्या खडपावर दुसऱ्याने गळ टाकला, तर आळीच्या बैठकीत जाब द्यावा लागतो. सुजीतने दिला. आपण चोरी केली नाही, परक्या बोटी जाताना पाहिल्या आणि त्यांच्या मागे गेलो, असं त्याने शांतपणे सांगितलं. मग उलट विचारलं, "परक्यानं खायचं नि मीच उपाशी राहायचं? तुमीच सांगा, तांडेल, खूण फुटली कोनाच्या तोंडून?"

दर्पण मागे उभा होता. त्याच्याकडे वाक्य तयार होतं, तीन शब्दांचं. बोटीवर त्याच्या पोटात कधी काही टिकलं नव्हतं. इथे मात्र काही केल्या बाहेर येईना.

काका उठला. "माज्या तोंडून. म्हातारपन हाय. कुठंतरी बोलून गेलो."

खूण फोडणारा तांडेल ही आळीत रडण्याची नाही, हसण्याची गोष्ट असते. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "मंग आता काकीलाबी सांगून टाका." हशा झाला. बायकांत बसलेली जमनाकाकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आणि दर्पणच्याही ओठांवर, चारचौघांत राहायच्या सवयीने, हसू आलं. ते काकाने पाहिलं की नाही, हे त्याला आजही विचारवत नाही.

बैठक मोडल्यावर तो काकाच्या मागे धावला. मी सांगतो त्यांना, म्हणाला.

"काय सांगशील? यंत्र तू निवडलंस. तुला मी निवडला." एवढं बोलून काका चालू लागला. रागाने नव्हे, अंधूक दिसत होतं, म्हणून पायाखाली बघत.

दिवाळीच्या सुमाराला सुजीतने नवा लॅपटॉप घेतला आणि दर्पणला विचारलं, कोणतं सॉफ्टवेअर घालू. दर्पणने दुसरं घालून दिलं, मळकट रंगाचं. नकाशे शोधायला रात्री गेल्या, पण खुणा बाहेर जात नाहीत हे त्याने खोलून, दोनदा तपासून दाखवलं. म्हणजे ज्ञान सगळं होतंच त्याच्याकडे.

आता या सौद्याची किंमत म्हणून कुणी काय भरलं ते बघू. काकाने खडप भरलं आणि तांडेलकीही. बोट खलाशी नेतात, तो बंदरावर बसून दोर सांधतो. जमनाकाकी लिलावात दुसऱ्यांच्या मासळीच्या पाट्या उचलून बोईसरला विकते, आणि गिऱ्हाइकाने मासळी कुठली विचारलं की भाव सांगते. वायव्येच्या त्या म्हाताऱ्याने आपली जागा भरली, आणि कोणासाठी भरली हे त्याला कळलंही नाही. दर्पणकडे कुणी काही मागितलं नाही. काकाने तर नाहीच.