काकांच्या डाव्या हाताचं हँडल

गेली नऊ वर्षं माझे सासरे मला एकच गोष्ट सांगत आले आहेत, "सूनबाई, व्हाइस हळू आवळत जा." घरामागच्या खोलीत, लाकूड घट्ट पकडून ठेवणाऱ्या त्या लोखंडी शिकंज्यावर, मी खुर्च्या दुरुस्त करते आणि मामंजी येता-जाता हे वाक्य टाकून जातात. त्यामुळे गुरुवारी सकाळी त्यांनीच व्हाइस इतका आवळला की 'कट्' असा आवाज आला, तेव्हा मला आधी हसूच फुटलं. मग त्यांचा चेहरा दिसला आणि मी ते गिळलं.

व्हाइसमध्ये स्पिअरगन होती. पाण्याखाली मासे मारायची लांबलचक बंदूक. रबर ताणून अडकवायचं, चाप ओढायचा, की भाला सुटतो. तिचं प्लॅस्टिकचं हँडल वरपासून खालपर्यंत चिरलं होतं. आणि खरी पंचाईत म्हणजे ती गन मामंजींची नव्हती, काकांची होती.

काका म्हणजे मामंजींचे समुद्रात बुडी मारण्यातले चाळीस वर्षांचे जोडीदार. डावखुरे, मितभाषी, चहात तीन चमचे साखर. दर रविवारी दोघं समुद्रावर जातात. नियम ठरलेला, एक खाली, एक वर. एकानं बुडी मारायची, दुसऱ्यानं वर तरंगत त्याच्यावर डोळा ठेवायचा. रबरं मात्र दोन्ही गनांची मामंजीच बदलणार, कारण काकांना ते जमत नाही असं त्यांचं ठाम मत. सोमवारी काका कायमचे मुलीकडे राहायला चालले होते, समुद्रापासून दोन दिवसांच्या वाटेवर. म्हणजे हा रविवार शेवटचा.

"तुमची गन द्या ना त्यांना," मी म्हटलं. "खाली तर एकच जण जातो."

"दुसऱ्याची गन म्हणजे दुसऱ्याचा टूथब्रश. तो हात लावणार नाही."

"मग खरं सांगून टाका."

"काय सांगू? तुझ्या शेवटच्या रविवारचं मी गुरुवारीच वाटोळं केलं?" त्यांचा आवाज कापला. या माणसाचा आवाज मी आजवर फक्त चढलेला ऐकला होता. मला फार वाईट वाटलं.

दुकानदाराला फोन केला. ते मॉडेल बंद होऊन बारा वर्षं झाली, नवीन गन घ्या, असं म्हणून त्यानं हात झटकले. चिकटवून भागण्यासारखं नव्हतं. चीर चापाच्या खिळीपर्यंत गेली होती, आणि हँडल पाण्यात सुटलं तर भाला कुणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही. आतले धातूचे भाग शाबूत होते. मी एका मोडक्या खुर्चीचा भरीव पाय उचलला आणि म्हटलं, "लाकडाचं करते. पण माप हवं, त्यांच्या हाताचं."

मामंजींनी काकांना चहाला बोलावलं. मी खिडकीच्या काचा बसवायच्या पुट्टीचा गोळा मळून तयार ठेवला होता.

"काका, एका डावखुऱ्या गिऱ्हाइकाच्या काठीची मूठ करतेय. जरा तुमचा डावा हात द्या ना."

"काठीच हो! साधी काठी!" मामंजी मध्येच ओरडले. "म्हातारा माणूस आहे, चालायला काठी लागते, दुसरं काही नाही!" मी डोळे वटारले तसे ते चहाच्या कपात तोंड घालून बसले.

काकांनी गोळा मुठीत धरून दाबला. तर्जनी मात्र सवयीनं पुढे ठेवली, चापावर ठेवावी तशी. मला काय, आयतंच माप मिळालं.

शुक्रवार-शनिवार मी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. पटाशी, कानस, पॉलिशपेपर, मग वॉर्निशचे चार हात. दर तासाला मामंजी दारात. "झालं?" "नाही." "आता?" शेवटी मी दार आतून लावून घेतलं. शनिवारी संध्याकाळी हँडल स्क्रूंनी घट्ट बसलं. रिकामी गन धरून चाप दोनशे वेळा ओढला. चोख.

रविवारी मीही किनाऱ्यावर गेले, मला राहवेना. काकांनी गन पिशवीतून काढली, हँडलकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मग हातमोजे चढवले. उजवा पातळ, डावा चांगला जाडजूड. त्या जाड बोटांनी त्यांनी हँडल धरलं. तर्जनी चापाच्या कडीत शिरेना! मी माप उघड्या हाताचं घेतलं होतं. पाण्यात ते हातमोजा घालणार, हे चाळीस वर्षं सोबत बुडणाऱ्या मामंजींनाही सुचलं नव्हतं.

"मेलो," मामंजी पुटपुटले.

काकांनी क्षणभर विचार केला, डावा हातमोजा काढून माझ्याकडे फेकला आणि पाण्यात शिरले. मागोमाग मामंजी.

तासाभरानं दोघं बाहेर आले. काकांच्या भाल्यावर हातभर लांब मासा होता. ते येऊन माझ्याशेजारी वाळूत बसले आणि ओला डावा हात उघडून बघत राहिले.

"जुनं हँडल उजव्या हाताचं होतं. त्याचे उंचवटे बोचायचे, म्हणून तो जाड हातमोजा. आज पहिल्यांदा बोचलं नाही."

"चाळीस वर्षांत बोलला नाहीस?" मामंजी उसळले.

"बोललो असतो तर तू दुरुस्त करायला घेतलं असतंस."

मामंजींनी मान खाली घातली. "मीच फोडलं ते. गुरुवारी."

"ते चहालाच कळलं. चालायच्या काठीला कुणी इतकं ओरडतं का?"

मग दोघं जे हसत सुटले, ते बघून बाजूच्या पोरांनी पतंग उडवायचं थांबवलं.

सोमवारी सकाळी काका निरोपाला आले. गन सोबत होती. माझ्याकडून स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, शांतपणे हँडल सोडवलं, रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकलं आणि उरलेली गन मामंजींच्या हातात दिली.

"बिनहँडलच्या गनचं मी काय करू?" मामंजी म्हणाले.

"आणि तिथे समुद्र नाही, नुसत्या हँडलचं मी काय करू? यावंच लागेल मला. तू रबरं नीट ठेव."

काकांची गाडी वळणाआड गेली तरी मामंजी फाटकात उभे होते. त्यांना डोळे पुसताना मी पाहिलं, हे त्यांनीही पाहिलं.

दुपारी मी खोलीत आले तर मामंजी काकांच्या गनची रबरं बदलत होते. चारच दिवसांपूर्वी बदललेली. गन व्हाइसमध्ये होती, आणि मध्ये जुना टॉवेल घालून व्हाइस अगदी हळू आवळलेला होता.