लिंबाखालचा लाल गट

निपाणीजवळच्या आमच्या मराठी शाळेत पोरांची प्रगती मोजायची रीत अशी: जूनमध्ये एक चाचणी, जानेवारीत दुसरी. वाचता न येणारा लाल गटात, येणारा हिरव्यात. लाल कमी झाले, की शाळा सुधारली. नाही झाले तर शाळा हायवेपलीकडच्या शाळेला जोडायची, असं यंदा वरनं आलं होतं. तिसरीतली माझी ब्राह्मी तो हायवे ओलांडणार, हे मला अजिबात नको होतं.

शाळेचे हेडमास्तर नागेंद्र सर हुशार. जूनमध्येच त्यांनी पोरांना सांगितलं, "येत असलं तरी आत्ता वाचू नका. जानेवारीत वाचा." खालनं सुरुवात केली की चढ झकास दिसतो. अख्खं गाव या कटात सामील, मीसुद्धा. बसच्या पाट्या मराठी-कानडी दोन्हीत घडाघडा वाचणारी माझी लेक चाचणीतल्या 'कमळ'पुढं मुकी बसली आणि लाल झाली.

सर एकच गोष्ट विसरले. लाल गट अक्काताई बाईंकडं होता. बाई पोरांना शाळेसमोरच्या कडुलिंबाखाली बसवून गोष्टी सांगायच्या, बाहुल्या नाचवायच्या. चुकून वाचून हिरवी झालेली चार-दोन पोरं वर्गात कोंडून कागद भरत बसायची.

जानेवारीतल्या चाचणीच्या सकाळी वेणी घालताना मी म्हटलं, "आज सगळं वाचायचं हं, राणी."

"न्हाय."

"का गं?"

"हिरव्यात टाकतील की. तिथं बाई न्हाईत. आमचं सगळ्यांचं ठरलंय."

"सगळ्यांचं?"

कडेवर धाकटं बाळ, हाताला ब्राह्मी, अशी मी शाळेत पळाले. तपासणीच्या मॅडम वाचायचं कार्ड धरून बसल्या होत्या. पोरामागनं पोर यायचं, कार्डाकडं बघायचं, गोड हसायचं आणि जायचं. सर घामानं निथळत होते.

मी खिडकीतनं कुजबुजले, "सर, पोरं लाल सोडायची न्हाईत. लिंब पाहिजे त्यांना."

"वैनी, शाळा हातची चाललीया माझी, आन् लिंबाचं काय काढलाय मधीच!"

अक्काताई बाईंनी मात्र ऐकलं. त्या पोरांना परत रांगेत उभं करून हळूच म्हणाल्या, "उद्यापासनं लिंबाखाली गोष्ट तुम्ही वाचायची, मी ऐकणार. आज वाचंल त्यालाच पाळी."

मग काय! ब्राह्मीनं कार्ड वाचलं, उलटं करून मागचं छापखान्याचं नावही वाचलं. तिच्या वर्गातल्या श्रेयसनं तर मॅडमच्या गळ्यातलं ओळखपत्र कानडीत वाचून दाखवलं.

"इष्टु बेग?" मॅडम म्हणाल्या. इतक्या लवकर?

सरांनी छाती काढली. "मेहनत, मॅडम."

"बरं. जूनमध्ये परत येते."

ब्राह्मीनं हात वर केला. "सर, मग मे महिन्यात परत विसरायचं का?"

मॅडमनी सरांकडं बघितलं. सरांनी लिंबाकडं. मी बाळाच्या टोपड्यात तोंड खुपसून हसू दाबलं.

"नको गं," मॅडम शेवटी म्हणाल्या. "वाचणारी पोरं आहेत, शाळा राहू दे इथंच. जूनची चाचणी मीच घेणार. आणि सर, सगळ्यांनाच लिंबाखाली बसवा. तुम्हीही बसा. लाल गटात."

सरांचं तोंड एवढंसं झालं. ब्राह्मीनं जवळ जाऊन त्यांचा हात धरला.

"भ्याऊ नका सर," ती म्हणाली, "लालमध्ये लई मजा असती."