शेवटच्या बाकावरचं प्रभुभोजन

आबा जाऊन सोळा दिवस झाले होते. साक्रीच्या प्रार्थनामंदिरात ते तीस वर्षं उपदेशक होते, आणि मला, त्यांच्या मुलीला, सोळा दिवसांत एकदाही प्रार्थना करता आली नव्हती. घरात शोकावरची पुस्तकं होती. ती वाचून झाली. उपयोग झाला नाही.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकच भाकर, एकच पेला वाटून घ्यायचा. दारातच मंडळीचा कारभार पाहणारे वडीलधारे सुकदेव मास्तर म्हणाले, "अक्का, पुढचा बाक राखलाय. पेला आधी आपल्या घरांना. मागे डोंगरातली मंडळी, तुम्हाला ठाऊकच आहे."

ठाऊक होतं. कलई उडालेला एकच पेला, त्यात मनुकांचं पाणी. मागे जाईतो त्यात मिशा बुडत, कडेला तंबाखू लागे, तळाशी भाकरीचे कण साचत. आबा सगळ्यांत शेवटी बसत आणि तो गाळ पिऊन टाकत. त्या दिवशी घरी मी त्यांच्याजवळ जेवायला बसत नसे. त्यांना ते कळत होतं.

"आबांनाही किळस आलीच असेल हो," मास्तर म्हणाले. "पण साधू माणूस. सोसलं."

मला शिसारी आली. माझंच मन त्यांच्या तोंडून बोलत होतं.

मी मागे जाऊन शेवटच्या बाकावर, आबांच्या जागी, डोंगरातल्या दगडीबाईशेजारी बसले.

"तू आठे कशी?" ती म्हणाली. "तुनी जागा पुढे शे."

"आज इथेच, मावशी."

"बस मंग. आठे बठ्ठासनं उष्टं शे बरं!" सगळ्यांचं उष्टं, हे तिने हसतच बजावलं.

पेला आला. ती प्यायली, आणि माझ्यासाठी म्हणून पदराने कड पुसली. पदराला शेळीचा वास होता. कड आणखीच कळकट झाली. तसाच परत दिला असता तरी कोणी बोललं नसतं.

प्रभू, माझ्याजवळ भक्ती नाही, ही किळसच आहे. हीच घे.

मी तळापर्यंत प्यायले. ओले कण जिभेला चिकटले, उमासा आला, तो गिळला. मग लक्षात आलं, मी आत्ता प्रार्थना केली होती.

विधी चालवणाऱ्या पाळकांनी पेल्यासाठी हात पुढे केला. मला तो सोडवेना. रिकामा पेला छातीशी धरून मी गुडघे टेकले आणि आबांचं नाव घेऊन प्रभूशी बोलत राहिले. पुढच्या बाकावर मास्तर दोनदा खाकरले. मंडळी माझ्यासाठी थांबून राहिली.