पाठमोऱ्या आठजणी

नावेत वल्हवणाऱ्या आठजणी, आणि आठहीजणींची पाठ शर्यतीच्या दिशेला. पुढे पाहणारी एकटी ओडेट. जेमतेम पाच फुटांची, हातात सुकाणूची दोरी, तोंडाशी माइक. ती सांगेल तेवढंच त्या आठजणींचं जग.

सकाळी कोचबाई म्हणाल्या होत्या, "लीग जिंकलात तर राष्ट्रीय स्पर्धा. नाहीतर मुकाट्यानं ग्रीकच्या पेपरला बसायचं."

"पेपर काही चुकत नाही, कोच," ओडेटसमोर बसणारी हॅटी म्हणाली. "जिंकलो तर तो हॉटेलात बसून लिहायचा, एवढंच."

आठ जुन्या विद्यापीठांच्या ह्या लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती कुणालाच नसते. हॅटी तर पश्चिमेकडच्या बड्या लीगमधली फी-माफी सोडून ह्या पेनहॅलो विद्यापीठात आली होती. आणि पेनहॅलोनं एकवीस वर्षांत ही शर्यत जिंकली नव्हती. ओडेटचं हे शेवटचं वर्ष.

निम्म्याहून जास्त तळं मागे पडलं, तरी प्रतिस्पर्धी वेक्स्टन विद्यापीठाची नाव अर्ध्या लांबीनं पुढेच. काठावर उरलेल्या अंतराची पाटी दिसली तशी ओडेट किंचाळली, "शेवटची पंचवीस वल्ही! असेल नसेल ते ओता!"

नावेनं उसळी घेतली. दहा, बारा... वेक्स्टन मागे सरकली. विसाव्या वल्ह्याला ओडेटनं मान उंचावली, तर अडीचशे मीटरची पाटी अजून पुढेच होती. मघाची पाटी अडीचशेची नव्हतीच. पाचशेची होती.

समोर हॅटीचा चेहरा, ओठ पांढरेफटक. खोटं बोलून रेटावं? ज्यांना पुढचं काही दिसत नाही, त्यांच्याशी?

"चुकले गं! पाटी चुकीची वाचली. अजून तीस आहेत. पण पुढे आपणच आहोत!"

वल्हवणारीनं बोलायचं नसतं. तेवढा श्वासच नसतो. हॅटी तरी बोलली. "मोज."

ओडेटनं मोजलं. रुसलेल्या लेकराला घास भरवावा तसा एकेक आकडा. दहाव्याला कुणीतरी हुंदका दिला, पण वल्हं चुकलं नाही. विसाव्याला वेक्स्टनचं टोक पुन्हा बाजूला दिसायला लागलं. पंचविसाव्याला अगदी खांद्याशी. मग शेवटच्या रेषेचा भोंगा.

वीतभरानं पेनहॅलो!

धक्क्यावर वेक्स्टनच्या मुली रांगेनं आल्या. हरलेल्यांनी वरचा शर्ट काढून जिंकणाऱ्यांच्या हाती द्यायचा, असा ह्या पाण्यावरचा रिवाज. त्यांची सुकाणूवाली शर्ट पुढे करत म्हणाली, "एवढ्या लवकर उधळलात! आम्ही घाबरून तुमच्यामागे सुटलो, शेवटच्या चार वल्ह्यांना दमच उरला नाही. युक्ती कुणाची?"

"युक्ती कसली..." ओडेट पुटपुटली.

"हिचीच!" हॅटीनं तिला काखेत धरून उचललं. "आमच्या चिमणीला मोठाले आकडे वाचता येत नाहीत, पण फसवता तर मुळीच येत नाही."

आणि जिंकल्यावर करतात तसं आठजणींनी हातपाय धरून, झोका देऊन, तिला तळ्यात भिरकावलं. पाणी बर्फासारखं होतं. ओडेट वर आली ती हसतच, आणि वेक्स्टनचा शर्ट तिनं मुठीत घट्ट धरला होता.