शेण कालवलेला चोथा

पितळी पातेल्यावर झाकण पडल्याचा बसका आवाज होई, आणि धानोऱ्याच्या आठवडी बाजाराचा सारा गलबला क्षणभर त्याखाली दबल्यासारखा वाटे. चैत्राचं कोवळं ऊन, मोहाच्या फुलांचा गोडसर दर्प, आणि चहाच्या चुलीपुढे उकिडवी बसलेली ढिवराघरची, म्हणजे मासेमाराघरची, यमुनाबाई. तिचा एक हात झाकणावर, दुसरा घाईच्या गिऱ्हाइकाला थोपवायला उंचावलेला. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो, आणि त्या उंचावलेल्या हातापुढे निमूट बसून राहायचो.

पाणी खळखळलं की ती पातेलं चुलीवरून उतरवी, मग पत्ती घाली आणि झाकून ठेवी. पत्ती रटरट उकळणाऱ्यांचा तिला मनस्वी तिटकारा होता. “डाळ हाय का ते, शिजवाले?” एवढंच म्हणे. पत्ती पाण्यात आपल्या लयीनं उमलू द्यायची, फडक्यातून गाळायची, वेगळं तापवलेलं दूध शेवटी घालायचं. नव्या गुळाच्या रंगाचा तो चहा ओठांशी आला की उन्हाची तलखी विसरायला होई.

बाजार उठताना मात्र ती एक विलक्षण काम करी. फडक्यातल्या चोथ्यात शेण कालवून तो गोळा उकिरड्यावर फेकी. लोक हसायचे. मीही एकदा कारण विचारलं, तेव्हा तिनं नुसती हनुवटीनं बाजारातल्या किराणावाल्या सेठच्या दुकानामागची पडवी दाखवली. तिथे गोणपाटावर चोथा वाळत होता, इतर चहावाल्यांकडून गोळा केलेला. काळा रंग चोळून त्याच्या पुड्या बांधल्या जात, आणि जंगलातून चारोळी, डिंक घेऊन आलेल्या गोंडांना त्या नवी चहापत्ती म्हणून बदल्यात दिल्या जात. माणसानं रान तुडवून आणलेल्या चारोळीच्या मोलानं दुसऱ्याच्या उष्ट्या पत्तीचा गाळ! आज लिहितानाही माझं डोकं तापतं.

सेठ एकदा तिच्याकडे आला. “बाई, चोथा फेकून काऊन राह्यली? मले देत जा. त्या रानच्या लोकायले काय समजते? रंग दिसला का झालं.”

यमुनाबाईनं मान वर केली नाही. “त्यायले समजत नाई, म्हनून तं शेन कालवा लागते, सेठजी.”

तिची चूल त्याच्याच ओट्याच्या सावलीत होती. पुढच्या बाजारी ती उखडलेली दिसली. चुलीमुळे गाड्यांना अडचण होते, असं एकाएकी साऱ्यांना आठवलं होतं. मी तावातावानं भांडलो. बाजारातले कर्ते पुरुष माझ्याकडे बघून सौम्यपणे हसले आणि पानाला चुना लावत राहिले. सेठकडून मीठ सगळ्यांनाच उधार हवं होतं ना! चार बाजार यमुनाबाई नदीकडच्या टोकाला भर उन्हात बसली. पावसाळ्याच्या तोंडाशी तापानं गेली. “बाईचा चहा बरा होता,” हळहळणाऱ्यांनी एवढंच म्हटलं, आणि दुसरीकडचा काळा काढा पिऊ लागले.

त्या वर्षीच्या दिवाळीआधी मी सेठच्या दुकानात उभा होतो. एका म्हाताऱ्या गोंडानं उन्हाळ्यापासून साठवलेल्या चारोळीची टोपली रिती केली, बदल्यात मिळालेली पुडी सोडली, चिमूटभर पत्ती तळहातावर चोळून नाकाशी नेली.

“वास नाई हिले,” तो मला म्हणाला. “बाईनं असं पाह्याले शिकवलं होतं.”

“मग नका घेऊ, बाबा.”

“घरी सोयरे येनार हायेत, मास्तर. दुसरीकडं कुठी भेटते?”

त्यानं पुडी पुन्हा नीट बांधली आणि कमरेला खोचली. काळ दुःखावर फुंकर घालतो म्हणतात. पण गेलेल्या यमुनाबाईची आठवण त्याच्या तळहातावर जागी होती, आणि आपण फसवले जात आहोत, एवढंच ती त्याला सांगू शकत होती.