झिरो मशीन

डोकं. आधी फक्त डोकं.

दोन्ही बाजू साफ, डाव्या कानावर वस्तऱ्यानं काढलेली वीज, माथ्यावर पिवळाधमक तुरा. चुलतभावाच्या हळदीसाठी दर्पणनं हौसेनं करून घेतलेला. "हिरानं कोंबडा पाळलाय," बळवंत, त्याचा बाप, सगळ्यांना सांगायचा.

समुद्रावरच्या पुढच्याच खेपेला बळवंत—

होडी परत आली. बाकीचे आले.

नवापूरच्या लोकांनी हिराला, दर्पणच्या आईला, समजावलं. पुतळा करून जाळू. पोराचं डोकं उतरवू. दिवस घाल, मोकळी हो.

हिराच्या कपाळावर कुंकू तसंच. "मढं बघितल्याबिगर नाय. आन् दर्पण, केसांना हात लावू नको. पोरगा बोडका झाला म्हंजे बाप मेला."

होडी मालकाची. घरात कमावणारं कोणी नाही. म्हणून:

बोईसर. औषधाच्या कारखान्याचं गेट. ठेकेदाराचा माणूस, रामकिसन.

"बारहवीं?"

"पास."

"और सर पे ये क्या? मुर्गा?"

दर्पणला हसता आलं नाही. "काला कर लूँ?"

"दवाई का प्लांट है. रंगवाला एक बाल नहीं चलेगा. कल साफ होके आ. नहीं तो पीछे देख."

मागे बघितलं. लाईन होती.

खुर्ची. आरसा.

"बारीक करा. पण बोडका नको."

"भावा, बाजूला तू काय ठेवलंयस? वरचा पिवळा पार मुळापर्यंत. तो काढला तर राहतं काय?"

(पंखा फिरतो.)

"लाव झिरो मशीन."

रुमाल बांधून गावात शिरला. बोंबील वाळत घालणाऱ्या विजयाकाकूला रुमालाखालचा सपाट माथा दिसला. तिनं हातातले बोंबील टाकले आणि गळा काढला. बायका धावल्या. हिराला घराबाहेर आणलं, धरलं. एकीनं तिच्या बांगड्यांना हात घातला.

"कुठं मिळाले?" हिरानं विचारलं. बाजारात भाव विचारावा तसं.

"नाय मिळाले, आय. कंपनीत लागलो. तिथं केस चालत नव्हते, म्हणून—"

हिरानं मनगटं सोडवून घेतली.

"तुमी कोणाला रडताय गो? जावा घरी."

मग त्याच्याकडे वळली. चेहऱ्याकडे नाही, डोक्याकडे.

"केस येईपरत या घरात पाय नाय ठेवायचा."

"आय, काम रोजचं हाय."

"तुझा बाप जिता हाय."

दार. कडी.

सकाळ, गेट. रामकिसननं त्याच्या टाळूवरून हात फिरवला.

"हाँ, अब आदमी लगता है. हर हफ्ते ऐसा ही चाहिए."

दर्पणनं मान हलवली.

"इधर रहने को खोली मिलेगा?"